नांगराला बाईचा हात

आमचं माहेर शिरोळ तालुक्यातलं. चतुर्थ जैनांचं, म्हणजे पिढ्यान् पिढ्या शेतीवाल्यांचं घर. बाहेरच्या लोकांना जैन म्हटलं की पेढी, गल्ला आणि चोपडी आठवते. सांगली-कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात मात्र जैन म्हणजे शेतकरी. भगवान आदिनाथांनी असि, मसि, कृषी शिकवली असं आपण पाठशाळेत घोकतो, त्यातली कृषी आमच्या वाट्याला आली एवढंच. तर त्या घरात शेतातली बहुतेक कामं बायकाच करायच्या. भांगलण त्यांची, काढणी त्यांची, मळणीनंतरचं वाऱ्यावर देणं त्यांचं, बी निवडून राखेत घालून ठेवणं तर खास आज्जीचं. एका गोष्टीला तेवढा हात लावायचा नाही, नांगराला. आज्जी सांगायची, बाईनं नांगर धरला तर जमीन वांझ होते. का, असं विचारलं तर "विचारू नये" हे उत्तर. खळ्यात नांगर उभा असला तरी आम्ही पोरी त्याला वळसा घालून जात असू. जू ओलांडलं तर पाप, ते वेगळंच.

हा नियम फक्त आमच्या घरचा असता तर मी त्यावर लेख लिहिला नसता. देशभर, जातीजातींत, थोड्याफार फरकानं तो सापडतो. आणि त्याचा हिशोब फार साधा आहे. नांगर ज्याच्या हातात, शेत त्याचं. बाईनं दिवसभर वाकून भांगललं तरी ती 'मदत', आणि पुरुषानं नांगर धरला की ती 'शेती'. आजही आपल्या देशात जमीन कसणारे म्हणून कागदोपत्री ज्यांची नोंद आहे त्यांत बायका शंभरात सुमारे १४ आहेत, असं २०१५-१६ ची कृषिगणना सांगते. शेतात उभ्या असलेल्या बाया मोजल्या तर आकडा काय होईल, ते तुम्हीच बघा.

मराठी इतिहासात नांगराची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट एका बाईशी जोडलेली आहे. आदिलशाही सरदार मुरार जगदेवानं पुणं जाळलं, गाढवाचा नांगर फिरवला, आणि जमिनीत पहार ठोकली. आपण रागानं 'गाढवाचा नांगर फिरवीन' म्हणतो त्यातला राग इथपर्यंत जातो. त्यानंतर जिजाऊ बाल शिवाजीला घेऊन पुण्यात आल्या आणि सोन्याच्या फाळाचा नांगर फिरवून त्यांनी गाव पुन्हा वसवलं, अशी परंपरा आहे. लाल महालापाशी त्याचं शिल्पही आहे. शाळेच्या सहलीत मुलं तिथं फोटो काढतात. त्या गोष्टीत कल्पना जिजाऊंची, हिंमत जिजाऊंची, वतनाची घडी बसवण्याची तळमळही त्यांचीच. नांगर धरला तो मात्र शिवबानं. मी ही गोष्ट मुलांना कितीदा सांगितली, पण मूठ कुणाच्या हातात होती इकडे माझं लक्ष गेलं ते पन्नाशीत.

नंतरचा मोठा बदल बेळगावात झाला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला. लोखंडानं जमिनीला विष बाधतं म्हणून शेतकरी तो घेईनात. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली म्हणतात. मग बेळगावची जागा सोडावी लागली, औंधच्या राजांनी कुंडलजवळचं माळरान दिलं आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. आमच्या माहेरापासून ती फार लांब नाही. या नांगरानं खोलवरची हरळी निघू लागली, काळ्या रानात कस आला. पण ओढायला चार-चार, सहा-सहा बैल लागत, म्हणजे तो मोठ्या बागायतदाराचाच. गंमत अशी, की ज्या घरातून हा नांगर निघाला त्याच घरातून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाली आणि १९३० साली 'स्त्री' मासिक. आमच्या आईच्या माळ्यावरच्या ट्रंकेत 'स्त्री'चे अंक असत. नांगरवाल्यांनी बाईच्या हातात अंक दिला. नांगर दिला नाही, त्या काळी कुणीच दिला नसता.

लग्नानंतर मी सिल्वासाला आले. यांची नोकरी सूत-कारखान्यात. नव्वदच्या दशकात करसवलतीमुळे इथं रोज नवं शेड उभं राहत होतं, आणि इचलकरंजीकडची आमची बरीच माणसं अशीच इकडे सरकली. इथं आल्यावर नांगराचा प्रश्न मला वेगळ्याच रूपात दिसला. माहेरी ज्याचा नांगर त्याची जमीन होती. इथं दोनशे वर्षं नांगर एकाच्या हातात आणि जमीन दुसऱ्याच्या नावावर, असा प्रकार.

हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला त्याची कहाणीच मुळी हिशोबाची आहे. १७७२ मध्ये मराठा आरमारानं पोर्तुगीजांचं 'सांताना' नावाचं जहाज पकडलं. पुढे इंग्रजांशी लढाई सुरू, पेशव्यांना पोर्तुगीज मित्र हवे होते. १७७९ च्या तहात नुकसानभरपाई म्हणून वर्षाला १२,००० रुपये वसुलाची गावं द्यायचं ठरलं. १७८३ मध्ये नगर हवेलीची ७२ गावं त्यांच्याकडे गेली, १७८५ मध्ये दादरा त्यांनी विकत घेतलं. एका जहाजापायी गावंच्या गावं गेली. त्या गावांत राहणाऱ्या वारली, कोकणा, धोडिया, काथोडी, दुबळा माणसांना कुणी विचारलं असेल, असं वाटत नाही.

पुढे १९१९ च्या पोर्तुगीज जमीन कायद्याखाली 'अल्वारा' नावाचे पट्टे दिले जात. अट अशी, की जमीन लागवडीखाली आणायची. वाचायला छान वाटतं. पट्टा घेणारा स्वतः थोडाच नांगर धरणार होता? पट्टा त्याचा, घाम दुसऱ्याचा. हद्दीपलीकडे इंग्रजी मुलखात, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव-डहाणूत तर वेठ होती. आधी सावकाराच्या शेताची नांगरणी-लावणी फुकट करून द्यायची, त्याच्या अंगणातलं गवत काढायचं, लाकडं फोडायची, मग वेळ उरला तर स्वतःचं रान. लग्नासाठी पन्नास-शंभर रुपये काढले की नवरा-बायको दोघंही सावकाराची 'लग्नगडी'. गोदावरी आणि शामराव परुळेकर तिथं गेले, १९४५ मध्ये वारल्यांनी वेठीला नकार दिला. गोदावरीबाईंनी ते सगळं 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिलं आहे. आपल्या मंडळात ते फार जणींनी वाचलेलं नसेल. राजकारण पटो न पटो, वाचा. पुण्याच्या एका शिकलेल्या बाईनं या जंगलात पायपीट करून काय पाहिलं, ते इथं राहणाऱ्या आपल्यासारख्यांना माहीत असायला हवं.

१९५४ ची हकीकत इथल्या प्रत्येक शाळेत सांगतात. २२ जुलैला दादरा, २८ जुलैला नरोली, २ ऑगस्टला सिल्वासा. मोहिमेत महाराष्ट्रातले तरुण होते, सुधीर फडके होते. नंतर सात वर्षं वरिष्ठ पंचायतीनं कारभार चालवला आणि ११ ऑगस्ट १९६१ ला हा प्रदेश भारतात रीतसर सामील झाला. झेंडा असा बदलला तरी अल्वारे तसेच राहिले. ते मोडायला १९७१ चा जमीनसुधारणा कायदा यावा लागला. त्यातून कसणाऱ्याच्या नावावर जमीन चढू लागली. माझ्या दृष्टीनं इथल्या इतिहासातली मोठी तारीख तीच, पण तिची मिरवणूक निघत नाही.

आता ट्रॅक्टरकडे येते. १९५१ मध्ये अख्ख्या देशात ट्रॅक्टर होते जेमतेम साडेआठ हजार, १९६१ मध्ये एकतीस हजार. १९४७ मध्ये सरकारनं केंद्रीय ट्रॅक्टर संघटना काढली, तेव्हा महायुद्धानंतर अमेरिकन लष्करानं मागे टाकलेली यंत्रं वापरून मध्य भारतातलं 'कांस' गवत उपटायचं काम चाललं होतं. पुढे १९५९ मध्ये फरीदाबादला आयशरचा देशी ट्रॅक्टर निघाला, आणि १९६३ मध्ये मुंबईत कांदिवलीला महिंद्र, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून कंपनी उभी केली. आमच्या थोरल्या आप्पांचा लाल बी-२७५ त्या कांदिवलीचा. सत्तरच्या दशकात तो गावात आला तेव्हा त्याला हळदकुंकू लावायचा मान आज्जीचा. त्यावर बसायचं मात्र आप्पांनी.

पण खरा शोध इंजिनाचा नाही, असं मी म्हणेन. तो ट्रॅक्टरच्या मागच्या तीन दांड्यांचा आहे. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसननं अवजार ट्रॅक्टरला तीन ठिकाणी जोडायची आणि तेलाच्या दाबानं उचलायची युक्ती काढली. त्याआधी नांगर साखळीनं मागे ओढावा लागे, तो उचलायला-वळवायला दांडगा गडी हवा. आता उजव्या हाताशी एक लहानशी दांडी. ती मागे ओढली की दोन मण लोखंड अलगद वर येतं, पुढे ढकलली की जमिनीला टेकतं. १९३९ मध्ये हेन्री फोर्डच्या भागीदारीत तो ट्रॅक्टर लोकांना दाखवला तेव्हा फर्ग्युसननं आठ वर्षांच्या मुलाला चालवायला बसवलं होतं. जे आठ वर्षांच्या पोराला जमतं त्याला मनगटाची ताकद लागत नाही, हे तिथं जमलेल्या सगळ्यांना दिसलं. 'बाईला झेपणार नाही' हे कारण त्या दिवशीच संपायला हवं होतं. सोव्हिएत संघात त्याच्याही आधी, १९३३ मध्ये, पाशा अँजेलिना नावाच्या मुलीनं फक्त बायकांची ट्रॅक्टर-तुकडी उभी केली होती. त्यांना शेतात शिरताना गावातल्या बायकांनीच अडवलं होतं म्हणे. यात मला काही नवल वाटलं नाही.

आमच्याकडे ट्रॅक्टर आला तो शेतीसाठी नाही. गावाबाहेर आमचा बिनशेती प्लॉट आहे, चाळीस गुंठ्यांच्या आत-बाहेर. मध्ये घर, भोवती आंबे, चिकू, मागे ओढा. इथं वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. देशावरून आलेल्या माणसाला तो आकडा कळत नाही, गवत बघितल्यावर कळतो. श्रावणात ते कमरेला, भाद्रपदात छातीला. दिवाळीपर्यंत वाट दिसत नाही, आणि फाल्गुनात तेच वाळलं की वणव्याची भीती. शिवाय पावसानं वाहून आलेला गाळ, ओढ्याकाठची खचलेली माती, आंब्याखालचा पाला. पाच-सहा वर्षं आम्ही तासाच्या भाड्यानं ट्रॅक्टर बोलावला. पण सगळ्यांच्याच शेतात काम निघालेलं असताना आमच्या गवतासाठी कोण येणार? शेवटी राजकोटकडचा एक जुना, १५ अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर घेतला. सौराष्ट्र ही या छोट्या यंत्रांची पंढरी. अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगाणी यांनी १९९४ मध्ये बुलेट मोटारसायकलचं मागचं चाक काढून तिथं कुळवाची चौकट बसवली, 'बुलेट सांती' म्हणून ती प्रसिद्ध आहे. दुष्काळात बैल सांभाळणं परवडेना, त्यातून सुचलेलं.

हे कारखान्यातून सातला येणार, रविवारी दमलेले. मग ट्रॅक्टर शिकले मी. गाडी चालवता येतच होती. ट्रॅक्टर गाडीपेक्षा सोपा आहे, कारण तो सावकाश जातो, आणि अवघड आहे, कारण तो उलटतो. उताराला आडवं कधी घालू नये. चढाला जड ओझं मागे घेऊन झटक्यात क्लच सोडला तर पुढची चाकं उचलतात. क्लचवरचा पाय सावकाश उचलायचा. आणि बायांनो, एक गोष्ट लिहून ठेवा. मागे फिरणारा जो दांडा अवजाराला ताकद देतो तो मिनिटाला ५४० फेरे घेतो. पदर, ओढणी, सुटी वेणी त्यात सापडली तर हाक मारायलाही वेळ मिळत नाही. मी सलवार-कमीज घालते, वर यांचा जुना शर्ट, ओढणी घरात. शेजारच्या काकी म्हणाल्या, "अगं, डोक्यावर पदर तरी घे." मी म्हटलं, "काकी, पदर घेतला तर डोकं राहायचं नाही." त्यांना ते उद्धट वाटलं. त्यांना तो दांडा बंद असताना दाखवला, मग काही बोलल्या नाहीत.

आता आपला प्रश्न. मंडळात मला दोघी-तिघींनी विचारलं, की जैन बाईनं हे करावं का? जमीन फोडणं, म्हणजे स्फोटकर्म, श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा धंद्यांत येतं. खरं आहे. त्याच यादीत निर्लांछनकर्मही आहे, म्हणजे जनावरांचं नाक टोचणं, खच्ची करणं. नांगराचा प्रत्येक बैल त्यातूनच गेलेला असतो, वेसण त्याच्या नाकात असते, हे आमच्या शेतकरी घरानं जन्मभर पाहिलं. तेव्हा बैल निर्दोष आणि यंत्र पापी अशी वाटणी मला मान्य नाही. घर-संसाराची ती आरंभी हिंसा, पोटापाण्याची ती उद्योगी. श्रावकाला ती पूर्ण टळत नाही, कमी करता येते. मी चातुर्मासात ट्रॅक्टरला हात लावत नाही, कार्तिकी पौर्णिमेनंतरच काढते. तोवर माती वरून सुकलेली असते, गांडुळं खाली गेलेली असतात. रोटाव्हेटर मी वर्षातून एकदा, भाजीच्या दोन वाफ्यांपुरता लावते. त्याची पाती जमिनीत काही शिल्लक ठेवत नाहीत. बाकी काम गवत कापायच्या यंत्रानं आणि लेव्हलिंगच्या पाटीनं, वरच्यावर. उन्हाळ्यात टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते, खड्यांत खडे दिसावेत अशी. ती ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली की तेवढा तुकडा जूनपर्यंत सोडून देते. भाड्याच्या ट्रॅक्टरवाल्याला तासाचे पैसे मिळतात, तो टिटवीसाठी थांबायचा नाही. आपलं काम आपण केल्याचा मला दिसलेला हा एक सरळ फायदा.

मात्र दुसऱ्या बाजूनं हे प्रकरण इतकं सरळ नाही. आमच्याकडे दिवाळीनंतर गवत काढायला पलीकडच्या पाड्यावरून वारली बाया येत. चौघी-पाचजणी, आठ-दहा दिवस. ट्रॅक्टर आल्यावर ते काम दीड दिवसाचं झालं. ज्या मुलखात पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याचं अंगण यांच्याकडून फुकट साफ करून घेतलं गेलं, तिथं आपलं अंगण आपण साफ करावं हे मला चांगलं वाटतं. पण यांना रोख मजुरी मिळत होती, आणि ती गेली, हेही तितकंच खरं. त्यांतल्या एकीनं मला तोंडावर विचारलं, "बाई, तुझा ट्रॅक्टर आमच्याकडं येईल काय?" त्यांची दीड एकर भातजमीन, १९७१ च्या कायद्यानंतर सासऱ्याच्या नावावर चढलेली. भाताआधी चिखलणीला बैल राहिले नाहीत, भाड्याचा ट्रॅक्टर मोठ्या शेतांकडून सुटत नाही, आणि अरुंद बांधांत तो मावतही नाही. आमचा मावतो. पण चिखलणी येते आषाढात, आणि ती मी करत नाही. म्हणून ठरलं असं, की आषाढात तिचा मुलगा ट्रॅक्टर नेणार, डिझेल त्यांचं. कार्तिकानंतर ती आणि तिची जाऊ ओढ्याकाठचा बांध आणि झाडांची आळी बघणार, मजुरी पूर्वीच्याच दरानं. माझा नियम पाळला गेला का, यावर घरात वाद आहे. यांचं म्हणणं, ट्रॅक्टर देणं म्हणजे करवून घेणंच, आणि आपल्या शास्त्रात करणं, करवणं, अनुमोदणं तिन्ही सारखीच. माझं म्हणणं, भात त्यांच्या पोटाचं आहे.

तिचा मुलगा नसताना ती स्वतः एकदा वर बसली होती, आमच्याच प्लॉटवर, बांधापर्यंत जाऊन आली. त्यांच्या पाड्यावर नांगराला बाईचा हात चालतो का, असं मी विचारलं. "नांगराला नाय," ती म्हणाली, "पण हा नांगर नाय, गाडी हाय." ट्रॅक्टर आला तेव्हा त्याच्याबरोबर शास्त्र आलं नाही, हे मला इतकी वर्षं पुस्तकं वाचून सुचलं नव्हतं. आता निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागांत फवारणीचा छोटा ट्रॅक्टर बायका सर्रास चालवतात. चेन्नईची 'टॅफे' ही देशातली मोठी ट्रॅक्टर-कंपनी तर बरीच वर्षं मल्लिका श्रीनिवासन या बाईंच्याच हाती आहे.

पण चालवणं वेगळं आणि नावावर असणं वेगळं. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं होतं. चांदवड म्हटलं की आपल्या लोकांना नेमिनाथ ब्रह्मचर्याश्रम आठवतो, पण त्या दोन दिवसांत तिथं खेड्यापाड्यांतून आलेल्या बायांचा समुद्र होता. त्यातूनच पुढे शरद जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती' काढली. नवऱ्यानं आपण होऊन जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करायचा, आणि ज्या गावात शंभर जणांनी असं केलं तिथं ते स्वतः जाणार. हजारो बायांची नावं तेव्हा कागदावर चढली. कुठलाही कायदा झालेला नसताना. हिंदू वारसा कायदा आपल्यालाही लागू आहे, २००५ पासून मुलीला मुलाइतकाच वाटा आहे, आणि तरीही आपल्या घरांत राखीपौर्णिमेच्या आसपास बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात. मीही माहेरची सही देऊन आले आहे, मन मोडायला नको म्हणून. मन कुणाचं, ते विचारू नका.

आमच्या ट्रॅक्टरचं पुस्तक माझ्या नावावर आहे. यांनी घेतानाच सांगितलं, चालवणार तू, तर नाव तुझंच घाल, विम्याला बरं. प्लॉटच्या कागदावर मात्र अजून एकट्या यांचं नाव आहे. गेल्या महिन्यात वकिलांकडे जाऊन मुद्रांक शुल्काचा आकडा काढून आणला. तो देव्हाऱ्याशेजारच्या खणात ठेवला आहे, यांना दिसेल असा.